नातवासोबत आलेली आजी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागताना विषयही सुचवला होता : बालकांचे पोषण आणि लसीकरण. एका बालरोगतज्ज्ञाकडून दुसरे काय मागणार? लिहायला बसले आणि दोन पाने लिहूनही झाली. ती वाचून पाहिली तेव्हा लक्षात आले की यातले सारे काही आपल्या डॉक्टर बांधवांना ठाऊक आहे आणि समाजातील वाचकांनी ते माझ्याच तोंडून अनेकदा ऐकलेले आहे. ती पाने बाजूला ठेवली. गेली दोन वर्षे मनात ठाण मांडून बसलेल्या एका गोष्टीविषयी लिहावे असे ठरवले. ती गोष्ट मुलाची नाही, मुलाला माझ्याकडे घेऊन येणाऱ्या आजीची आहे. संबंधित व्यक्तींची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बालाघाटात माझ्या दवाखान्यात येणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना आजी घेऊन येते. आई शाळेत शिकवते, बँकेत जाते, दुकान पाहते किंवा तिच्या कडेवर धाकटे बाळ असते. वडील मोटारसायकलवरून दोघांना दारात सोडून निघून जातात. मग आजी आत येते. हातात कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, मागच्या वेळची चिठ्ठी, अर्धवट संपलेले औषध आणि पोर रडलेच तर द्यायला बिस्किटाचा पुडा. मुलाला ताप कधी आला, किती वेळा शी झाली, काल रात्री किती चमचे वरण-भात पोटात गेला, हे सारे तिला मुखोद्गत असते. रोगाचा इतिहास सांगण्यात आजीइतका भरवशाचा साक्षीदार मला दुसरा भेटलेला नाही.

माझ्या या गोष्टीतील आजी अठ्ठावन्न वर्षांच्या. नातवाला बालदमा. दर दोन-तीन महिन्यांनी त्या त्याला घेऊन येत. पंप कसा ओढायचा हे त्या मुलाच्या आईआधी शिकल्या होत्या. चार वर्षांत त्या मुलाची उंची, वजन, श्वासाची गती, रात्रीचा खोकला, शाळेचे बुडालेले दिवस अशी सगळी नोंद माझ्या कार्डावर आहे. आषाढातल्या एका सकाळी तपासताना मुलाने अंग झाडले आणि त्याचे कोपर आजींच्या छातीला डाव्या बाजूला लागले. आजींचा चेहरा क्षणात पांढरा पडला. मुलाला त्यांनी सोडले नाही, फक्त उजव्या मांडीवर घेतले. तेव्हा मला आठवले की अलीकडे दोन-तीन वेळा त्या त्याला उजव्याच मांडीवर बसवत होत्या.

मुलाला परिचारिकेकडे दिले आणि आजींना पडद्याआड बोलावले. लिंबाएवढी, दगडासारखी कठीण गाठ होती. काखेतही गाठ लागत होती.

"कधीपासून आहे?"

"दिवाळीपासून असंन जी. दुखत नाही ना, म्हणून राहू देलं. सुनेचं बाळंतपण झालं का दाखवीन म्हटलं, मंग रोवणं आलं."

दिवाळी ते आषाढ. या काळात त्या माझ्या समोरच्या खुर्चीवर तीन वेळा बसून गेल्या होत्या. 'आजी, तुमची तब्येत कशी आहे?' असे मी त्यांना प्रत्येक वेळी विचारले असेलही; पण तो प्रश्न नमस्कारासारखा होता, त्याचे उत्तर ऐकण्यासाठी मी थांबले नव्हते. स्त्री असून, डॉक्टर असून आणि स्वतः पन्नाशी ओलांडलेली असून.

येथे आपल्या जिल्ह्याविषयी थोडे सांगणे आवश्यक वाटते. १८६७ नंतरच्या काही वर्षांत भंडारा, मंडला आणि शिवनी जिल्ह्यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा आकाराला आला. मुख्यालयाच्या गावाला तेव्हा बुऱ्हा म्हणत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, गोंदिया-भंडाऱ्याकडचा मुलूख मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. कचेरीची भाषा हिंदी झाली. चुलीपुढची भाषा मात्र मराठी, पोवारी, गोंडी अशी ज्याच्या-त्याच्या घरातली राहिली. या भाषा ज्यांनी टिकवल्या त्या प्रामुख्याने घरातल्या बायकाच. आणि या जिल्ह्यात बायका संख्येनेही कमी नाहीत. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात दर हजार पुरुषांमागे ९३१ स्त्रिया होत्या, तर बालाघाटात १०२१. राज्यातील सर्व जिल्ह्यांत हा आकडा सर्वाधिक होता. आपण भाषणांतून त्याचा अभिमानाने उल्लेख करतो. कामासाठी बाहेरगावी गेलेले पुरुषही त्या आकड्याच्या मागे असावेत, असे मला दवाखान्यातला अनुभव सांगतो. मुलगा नागपूर, पुणे, हैदराबादला. सून कधी त्याच्याबरोबर, कधी इथे. आणि घर, धानाची बांधी, नातवंडे हे सारे आजीच्या हाती.

प्राण्यांच्या बहुतेक जातींत मादीची प्रजननक्षमता संपली की आयुष्यही फार काळ उरत नाही. माणूस आणि काही जातींचे देवमासे हे ठळक अपवाद. असे का, याचे एक उत्तर क्रिस्टन हॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या दशकात मांडले. टांझानियातील हाड्झा या शिकारी-संग्राहक जमातीचा अभ्यास करताना त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या असे लक्षात आले की, आई तान्ह्या बाळात गुंतलेली असताना तिच्या मोठ्या मुलांचे वजन वाढते की नाही, हे आजी किती कंद खणून आणते यावर अवलंबून असते. पाळी थांबल्यानंतरचे स्त्रीचे दीर्घ आयुष्य नातवंडांना जगवण्यासाठी उत्क्रांत झाले असावे, असा हा सिद्धांत. त्यावर वाद आहेत आणि ते असू द्यावेत. आमच्या शास्त्रात मात्र 'माता आणि बालक' हा जोडशब्द इतका रूढ झाला आहे की तिसऱ्या व्यक्तीसाठी कार्डावर रकानाच नाही.

आजींना मी नागपूरला जायला सांगितले. त्यांनी शांतपणे नकार दिला. रोवणी संपू द्या, मग जाऊ. नातवाले कोण पाहील जी? मुलाला फोन करू का, असे मी विचारले, तर त्याची नोकरी नवी आहे, त्याला आताच सांगू नका, असे उत्तर आले. धाक दाखवून पाहिला, समजावून पाहिले. शेवटी विचारले, "तुमच्या मैत्रिणींपैकी कुणाला सांगितलं तर चालेल?" त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "बाईले सांगा."

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. वय त्रेसष्ट. पतीचे निधन होऊन बारा वर्षे झालेली. दोघी एका भजनी मंडळात आणि एका भिशीत. बाई त्याच संध्याकाळी माझ्याकडे आल्या. त्यांनी रडारड केली नाही की नशिबाला बोल लावला नाही. शंभर पानी वही काढली आणि शिस्तीने प्रश्न विचारू लागल्या. किती दिवसांनी जावे लागेल? किती वेळा? मुक्काम पडेल का? बरोबर एक बाई पुरे की दोन? खर्च कोणता आणि कार्डात काय बसते? मुलाखत देताना मी इतकी सावध कधीच नव्हते.

ती वही मी नंतर पाहिली. डाव्या रकान्यात तारीख, पुढे चार रकाने : नागपूरला सोबत कोण, डबा कोणाकडून, नातवाला शाळेतून कोण आणणार, आणि सुनेजवळ रात्री कोण. औषधोपचाराचे फेरे दर एकवीस दिवसांनी होते, म्हणून ती पाने आखून ठेवलेली. भिशीत अकरा जणी. चिठ्ठी न काढता त्या महिन्याची रक्कम आजींना द्यायची, असे त्यांनी एका बैठकीत ठरवले. पुढच्या महिन्यात जिचा नंबर लागला तिनेही आपला नंबर आजींना दिला आणि 'माझ्या बांगड्या पुढच्या वर्षी' एवढेच म्हणाली. आयुष्मान योजनेतून, जिच्यात पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, मोठा भार उचलला गेला. पण जाण्या-येण्याचे भाडे, बाहेरचे जेवण, किरणोपचाराच्या आठवड्यांतला नागपूरचा मुक्काम हे कोणत्याही कार्डात बसत नाही. गरीब रुग्ण उपचार अर्ध्यावर सोडतो तो बहुधा या किरकोळ वाटणाऱ्या खर्चांपायी आणि सोबतीला माणूस नसल्यामुळे. आपण डॉक्टर मंडळी केस-पेपरवर 'रुग्ण आलाच नाही' असे लिहून मोकळे होतो.

सगळेच चित्र गोड होते असे मी लिहिले तर ते खोटे ठरेल. अकरापैकी दोघी हळूहळू येईनाशा झाल्या. हा रोग लागतो, अशी त्यांची समजूत होती. एकीने तर आजींच्या घरचा चहा घेणेही बंद केले. आणखी एकीने बैहरकडच्या जंगलातल्या एका वैदूची जडीबुटी आणून दिली आणि नागपूरचे औषध 'गरम' असल्यामुळे ते थांबवावे, असा आग्रह धरला. दोन दिवस आजींचे मन डळमळले होते. बाईंनी ती पुडी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाल्या, "हे तुम्ही तिला सांगा, मी सांगितलं तर भांडण होईल." स्त्रियांच्या मंडळांविषयी आपण कौतुकाने बोलतो, पण ज्या वाटेने मदत पोहोचते त्याच वाटेने चुकीची माहितीही पोहोचते आणि कदाचित अधिक वेगाने. म्हणून अशा मंडळात ऐकून घेतली जाईल अशी निदान एक जाणती व्यक्ती असणे फार मोलाचे आहे.

स्तनाच्या कर्करोगाविषयी एक गोष्ट आपल्या सर्वांच्या कानी पडायला हवी. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली मुंबईतील झोपडपट्ट्यांमध्ये एक अभ्यास सुरू केला. पस्तीस ते चौसष्ट वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी स्त्रियांच्या स्तनांची हाताने तपासणी करत. यंत्र नाही, क्ष-किरण नाही, डॉक्टरही नाही. वीस वर्षांनंतर, २०२१ मध्ये, निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतील घट ठामपणे सिद्ध झाली नाही. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मात्र या रोगाने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे पन्नाशीनंतर ज्या वयात 'आता आपलं काय उरलं' असे म्हणून बाई स्वतःकडे पाहणे सोडते, त्याच वयात शिकवलेल्या हातांनी केलेली साधी तपासणी सर्वाधिक उपयोगी पडते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचेही तसेच. त्याच अभ्यासात व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाने केलेल्या तपासणीमुळे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. या दोन्ही तपासण्या शासकीय आरोग्य केंद्रांच्या कार्यक्रमात समाविष्ट आहेत. जागेची, पडद्याची आणि विचारणाऱ्या माणसाची उणीव मात्र आहे.

आपली वैनगंगा शिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा येथे उगम पावते, बालाघाटातून वाहत खाली भंडारा, गडचिरोलीकडे जाते. त्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८० च्या दशकात दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. हा निबंध १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला तेव्हा आम्ही शिकत होतो, आणि तोपर्यंत स्त्रीचे आरोग्य म्हणजे गर्भारपण आणि कुटुंबनियोजन एवढेच आम्हाला शिकवले जात होते. त्या निबंधानंतर चित्र बदलले खरे, पण बदलाची कक्षा प्रजननाच्या वयापर्यंतच येऊन थांबली असे वाटते. पाळी गेल्यावर बाई आपल्या योजनांतून जणू निवृत्त होते.

आणि भारतीय स्त्रीची पाळी पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा लवकर, साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते. त्यापुढे पंचवीस-तीस वर्षांचे आयुष्य असते. काहींची तर त्याहून आधीच, शस्त्रक्रियेने थांबवली जाते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर महाराष्ट्रात मोठी चर्चा झाली, शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. तो विषय बीडपुरता आहे असे समजून आपण निश्चिंत राहू नये. 'पिशवी काढून टाकली' असे पस्तिशी-चाळिशीतली बाई सहज सांगते, आणि का काढली, याचे उत्तर तिला देता येत नाही, असा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. यात दोष बाईचा कमी आणि आपल्या व्यवसायाचा अधिक आहे. डॉक्टरांच्या स्मरणिकेत हे लिहिलेले काहींना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

आता थोडे स्वतःविषयी. बावन्नाव्या वर्षी भर हिवाळ्यात, रुग्ण समोर असताना, मला अचानक घाम फुटू लागला. पंखा लावायला सांगितले की मुलाची आई बाळाला शालीत घट्ट गुंडाळून माझ्याकडे विचित्र नजरेने पाही. रात्री झोप नाही, सकाळी चिडचिड. हे सगळे मला पुस्तकातून ठाऊक होते, तरीही स्वतःच्या बाबतीत मात्र मी ते 'कामाचा ताण' या नावाखाली जमा करत राहिले. वर डोके दुखू लागले. एके दिवशी दवाखान्यातील आमची जुनी परिचारिका, जी माझ्याच वयाची आहे, दार लावून म्हणाली, "मॅडम, आधी इथे बसा." तिने पट्टा बांधला. रक्तदाब १७० वर १०० होता. मुलांचे डॉक्टर असल्याने मोठ्यांचा पट्टा आमच्याकडे नव्हताच. तो तिने शेजारच्या दवाखान्यातून मागून आणला होता. म्हणजे हा कट काही दिवस शिजत होता. त्या दिवसापासून गोळी सुरू आहे. गरम वाफांविषयी मी शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीशी बोलले. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासानंतर संप्रेरकांच्या गोळ्यांची आम्हा सर्वांना जी धास्ती बसली होती, ती साठीच्या आतल्या आणि इतर धोका नसलेल्या स्त्रियांच्या बाबतीत अवाजवी होती, असे आता मानले जाते. प्रत्येकीला त्या लागतातच असे नाही. पण निमूटपणे सोसणे हा एकच मार्ग नाही, हे निदान तिला कळावे.

असाच एक न बोलला जाणारा त्रास. भजनी मंडळात काही बायका नेहमी दाराजवळ बसतात आणि रामटेकची सहल ठरली की ऐनवेळी काहीतरी निमित्त काढून येत नाहीत. त्यांना भक्ती कमी आहे असे समजू नये. खोकला-शिंक आली की लघवी सुटते, हे त्यामागचे कारण असते. तीन-चार बाळंतपणे झालेल्या स्त्रीत हे फार आढळते. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये सांगितलेला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम, म्हणजे लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो ते काही क्षण आवळून सोडणे, दिवसातून तीन वेळा आठ-दहा आवर्तने, दोन-तीन महिने नेमाने केला तर पुष्कळ जणींना फरक पडतो. भजन सुरू असतानाही करता येतो, कुणाला कळत नाही. हे मी आमच्या मंडळात सांगितले तेव्हा आधी सगळ्या हसल्या. मग एकीने दबक्या आवाजात विचारले, "आणि नऊवारीत बसून जमतं का?" त्यानंतर जी प्रश्नोत्तरे झाली ती तासभर संपली नाहीत.

नुसत्या बोलण्याने काय होते, असे विचारणारे भेटतात. झिम्बाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच असल्याने डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून वस्तीतल्या आज्यांना प्रशिक्षण देऊन दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसवले. उदास, खचलेला माणूस येऊन आजीशेजारी बसतो आणि बोलतो. तिथल्या शोना भाषेत या आजाराला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'फार विचार करणे' असा होतो. आपल्याकडच्या बायकाही तेच म्हणतात, 'डोक्यात विचार फिरतात'. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या बाकावरच्या आज्यांचा उपाय नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरला. तसेच, १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून २०१० मध्ये असे दाखवले गेले की ज्यांचे माणसांशी नाते घट्ट, त्यांची जगण्याची शक्यता दीडपट. आकडे बाजूला ठेवले तरी आपल्या आळीत डोळे उघडून पाहावे. माझ्या ओळखीच्या एक काकू सहा खोल्यांच्या घरात एकट्या राहत. मुले परदेशी, दर रविवारी पडद्यावर भेट. स्नानगृहात पडल्या, खुब्याचे हाड मोडले, आणि दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला संशय येईपर्यंत तशाच पडून होत्या. त्या कोणत्याच मंडळात नव्हत्या. 'मला त्या बायकांच्या गप्पांचा कंटाळा येतो' असे त्या म्हणत, आणि त्यांचे तसे चूक नव्हते.

पुन्हा आजींकडे येते. औषधांचे फेरे झाले, शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. किरणोपचारांच्या काळात एकेक मैत्रीण आठवडा-आठवडा नागपूरला जाऊन राहिली. सर्वांत जास्त मुक्काम बाईंचा. संक्रांतीच्या सुमारास आजी घरी परतल्या. डोक्यावर नुकते केस उगवू लागलेले. मैत्रिणींचे उपकार फेडायचे म्हणून त्यांनी घरी हळदीकुंकू ठेवले. मलाही आमंत्रण होते.

मी पोहोचले तेव्हा बाई स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या ताटात लावत होत्या. बाहेर बायका बसलेल्या. वाण वाटणे सुरू झाले तरी बाई आतच. कुणी त्यांना अडवले नव्हते. बारा वर्षे त्या अशा दिवशी स्वतःहूनच आत राहत होत्या आणि आम्ही सगळ्या ते पाहून न पाहिल्यासारखे करत होतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता आणि महाराष्ट्र शासनाने त्या धर्तीवर परिपत्रक काढले होते. ती बातमी आम्हीच आमच्या मंडळात वाचून दाखवली होती, टाळ्याही वाजवल्या होत्या.

आजी उठल्या. डावा हात अजून पुरता वर जात नव्हता. त्यांनी उजव्या हाताने करंडा उचलला आणि आत गेल्या. आत काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. फक्त बाईंचा जरा चढलेला आवाज आला, "अगं, लोक काय म्हणतील?" आणि आजींचे उत्तर, "लोकं नागपूरले आले होते का?"

बाई बाहेर आल्या तेव्हा कपाळावर हळद होती, कुंकू नव्हते. तेवढ्यावर तडजोड झाली होती. दोन ज्येष्ठ बायका वाण न घेता लवकर घरी गेल्या. बाकीच्या बसल्या. त्या दोघींपैकी एक पुढच्या भिशीला आली, दुसरी अद्याप आलेली नाही.

त्यानंतर माझ्या दवाखान्यात एक छोटा बदल केला आहे. मुलाच्या कार्डाच्या मागच्या बाजूला सोबत आलेल्या मोठ्या माणसासाठी दोन ओळी ठेवल्या आहेत : रक्तदाब, आणि 'शेवटची तपासणी कधी'. मोठ्यांचा पट्टा आता आमच्या मालकीचा आहे. मूल वजनकाट्यावर असते तेवढ्या वेळात परिचारिका हे काम उरकते. वर्षभरात १४० वर ९० च्या पुढे असलेल्या कितीतरी आज्या आणि काही आजोबाही सापडले; त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊक नव्हते. त्यांना मी माझ्याकडे औषध देत नाही, आपल्यापैकी योग्य त्या डॉक्टरांकडे पाठवते. काहींनी मला फोन करून, 'बालरोगतज्ज्ञ आता आमच्या शाखेत शिरल्या का?' अशी थट्टा केली. त्यांना माझे सांगणे एवढेच की आपल्या दवाखान्यात नातवाचे औषध घ्यायला, नवऱ्याची साखर दाखवायला, सुनेची सोनोग्राफी करायला जी बाई येते, तिच्यासाठीही असा एखादा पट्टा हाताशी ठेवावा.

गेल्या महिन्यात आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. त्याचा दमा आटोक्यात आहे, पंपाची मात्रा कमी केली. आजींची पुढची तपासणी दोन महिन्यांनी नागपूरला आहे. वहीत बाईंचे नाव लिहिलेले आहे. परिचारिकेने त्यांचा रक्तदाब घेतला, १३० वर ८०. कार्डावर आकडा लिहिताना त्या वाकून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "अन तुमचा किती हाय जी, डॉक्टरीणबाई?"

त्या महिन्यात मी मोजला नव्हता. परिचारिका गालात हसली. आजींनी नातवाला मांडीवरून उतरवले, स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "बसा."